सर क्रीक : मुंबई सरकारचा १९१४ चा ठराव, हिरवी रेघ आणि पुढाऱ्यांची भाषणं

नकाशेबाज

२ ऑक्टोबर २०२५ ला, दसऱ्याच्या दिवशी, राजनाथ सिंह भूजमध्ये शस्त्रपूजेला होते. पाकिस्तानने सर क्रीकमध्ये आगळीक केली तर इतिहास आणि भूगोल दोन्ही बदलतील, कराचीला जाणारा एक रस्ता याच खाडीतून जातो, अशा आशयाचं ते बोलले. त्याच महिन्यात पाकिस्तानचे नौदलप्रमुख नावीद अश्रफ खाडीतल्या चौक्यांवर जाऊन आले, त्यांच्या ताफ्यात नवी हॉवरक्राफ्ट दाखल झाली. इकडून ३० ऑक्टोबरपासून तिन्ही दलांचा 'त्रिशूल' सराव. तेव्हापासून गटागटांवर नकाशे फिरतायत, त्यातले निम्मे चुकीचे. भांडण नेमकं कोणत्या कागदावरून आहे ते कुणी सांगत नाही. कागद मुंबई सरकारचा आहे, म्हणून मराठीत लिहायला हक्कच आहे आपला.

खाडी साधारण ९६ किलोमीटर लांब. एका काठाला कच्छ, दुसऱ्या काठाला सिंध. मूळ नाव बाणगंगा असं सांगतात. गोड पाण्याची नदी नाही. सिंधूच्या मुखाच्या पूर्व टोकाला चिखलातून वळवळत गेलेली भरतीची खाडी. तिच्या पूर्वेला कोरी खाडी, ती पूर्ण आपली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कच्छ हे संस्थान होतं आणि सिंध मुंबई इलाख्याचा भाग. सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६ साली. म्हणजे वाद कच्छचे महाराव विरुद्ध सिंधचे कमिशनर असा होता. ठिणगी पडली ती १९०८ च्या सुमाराला खाडीकाठच्या सरपणाच्या ढिगावरून, अशी कथा सगळीकडे छापलेली असते. मुंबई सरकारने तडजोड काढली आणि २४ फेब्रुवारी १९१४ ला ठराव क्रमांक ११९२ केला. सोबत नकाशा जोडला. आपल्याकडच्या कागदपत्रांत तो बी-४४ म्हणून ओळखला जातो. नकाशावर खाडीच्या मुखापासून शेंड्यापर्यंत हिरवी रेघ, आणि शेंड्यापासून सरळ पूर्वेकडे निळी तुटक रेघ.

आता गंमत बघा. हिरवी रेघ काढली आहे खाडीच्या पूर्व काठाला लागून. ठरावाच्या नवव्या परिच्छेदात सीमा खाडीच्या पूर्वेला असल्याचं म्हटलं आहे. पाकिस्तानचं म्हणणं इथेच संपतं: रेघ पूर्वेला, शब्द पूर्वेला, म्हणजे अख्खी खाडी सिंधची.

पण दहावा परिच्छेद म्हणतो की खाडी वेळोवेळी पात्र बदलते, वर्षातला बराच काळ ती नौकानयनाला चालते, म्हणून सीमा वाहत्या प्रवाहाच्या मध्यावर धरावी. हेच ते थालवेगचं तत्त्व. भारत दहाव्यावर बोट ठेवतो. शिवाय १९२५ च्या नकाशात आणि त्या सुमाराच्या खांबांच्या आखणीत सीमा पात्राच्या मध्यात धरली होती, असाही आपला युक्तिवाद. हिरव्या रेघेबद्दल आपलं उत्तर असं, की सीमा पाण्यात आहे हे दाखवायला नकाशेवाले काठालगत रंगीत पट्टी ओढतात. ती खूण आहे, सीमा नव्हे.

पाकिस्तानचा उलटवार: ही खाडी नौकानयनाला चालतच नाही, तेव्हा थालवेगचा प्रश्न येत नाही. पण चालते असं त्याच ठरावात लिहिलंय ना राव! ठराव हवा आणि दहावा परिच्छेद नको, हे जमायचं कसं? तिकडून हेच आपल्याला नवव्याबद्दल विचारतात, हेही खरं.

एकाच ठरावातले शेजारशेजारचे दोन परिच्छेद आहेत हे. एका देशाने एक वाचला, दुसऱ्याने दुसरा.

अरबट_चरबट

लेख आवडला. पण एवढा चिखल कुणाला हवाय? ना माणूस ना शेत. मधोमध रेघ मारा आणि मोकळे व्हा. आणि १९६८ च्या लवादाने हे सगळं मिटवलं होतं ना?

कायदेकानू

लवादाचं आधी सांगतो, कारण हा घोळ वर्तमानपत्रांतही दर वेळी होतो. १९६८ चा लवाद कच्छच्या रणाचा, सर क्रीकचा नव्हे.

एप्रिल १९६५ मध्ये रणात कांजरकोट, सरदार चौकी या भागात चकमकी झाल्या. ९ एप्रिलला सरदार चौकी सीआरपीएफने लढवली, त्यांचा शौर्य दिन आजही त्याच तारखेला असतो. इकडे पंतप्रधान शास्त्री, संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण; तिकडे अयूब खान. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन मध्ये पडले आणि ३० जून १९६५ ला करार झाला: आधी युद्धबंदी, मग मंत्र्यांची बोलणी, ती फसली तर तीन जणांचा लवाद, आणि त्याचा निर्णय दोघांना बंधनकारक. लवादाचे अध्यक्ष स्वीडनचे गुन्नार लागरग्रेन, भारताच्या बाजूने युगोस्लाव्हियाचे अलेश बेबलर, पाकिस्तानच्या बाजूने इराणचे नसरुल्ला एन्तेजाम. १९ फेब्रुवारी १९६८ ला निकाल. पाकिस्तान साधारण ३,५०० चौरस मैल मागत होता, मिळाले ३५० च्या आसपास, तेही बेबलर यांचं मत विरोधात असताना.

आता सर क्रीक. त्या तुकड्यावर तेव्हा दोन्ही देशांचं एकमत होतं, म्हणून लवादाने तो विचारातच घेतला नाही. एकमत कशावर? तर सीमा १९१४ च्या ठरावाप्रमाणे आहे यावर! ठरावाचा अर्थ काय, हे कुणी विचारलं नाही. तेव्हा विचारलं असतं तर १९६८ मध्येच उत्तर मिळालं असतं, असं माझं मत. अर्थात ते आपल्याला आवडलंच असतं असं नाही.

निकालानंतर देशात गहजब झाला. कच्छ सत्याग्रह झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं ते मगनभाई ईश्वरभाई पटेल खटला म्हणून. अर्जदारांत मधू लिमयेही होते, आपले पुण्याचे. संसदेची घटनादुरुस्ती न करता भूभाग देता येतो का, हा प्रश्न होता. बेरुबारी प्रकरणात १९६० मध्ये न्यायालयाने सांगितलं होतं की आपला प्रदेश देऊन टाकायचा तर घटनादुरुस्ती हवी. ९ जानेवारी १९६९ ला न्यायालयाने फरक केला: आपलं म्हणून कबूल असलेलं देणं वेगळं आणि मुळातच अनिश्चित सीमा ठरवून घेणं वेगळं. दुसऱ्याला घटनादुरुस्ती लागत नाही, सरकार आपल्या अधिकारात ते करू शकतं.

म्हणून "मधोमध रेघ मारा" हे कायद्याने अवघड नाही. खाडीची सीमा ही न ठरलेली सीमा आहे, असं म्हणून कुठलंही सरकार करार करू शकेल. अडचण सभागृहात आहे, निवडणुकीत आहे. १२ डिसेंबर २०१२ ला, गुजरातच्या मतदानाच्या पहिल्या टप्प्याच्या आदल्या दिवशी, तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी मनमोहन सिंगांना पत्र लिहिलं की सर क्रीकचा कोणताही भाग पाकिस्तानला देऊ नका. पंतप्रधान कार्यालयाने असलं काही ठरलेलंच नाही म्हणून सांगितलं. वाटाघाटींची बारावी फेरी त्याच वर्षी जूनमध्ये दिल्लीत झाली होती. पुढची फेरी काही झाली नाही.

अरबट_चरबट

बरं, लवादाचं कळलं. चिखलाचं?

नकाशेबाज

चिखल कुणालाच नकोय. हवा आहे तो खाडीच्या मुखाशी असलेला एक बिंदू. जमिनीची सीमा जिथे समुद्राला मिळते तो बिंदू. सागरी सीमा तिथून सुरू होते: १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र, २०० पर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे मासळी, तेल, वायू सगळ्यावरचा हक्क.

शेजारी देशांची सागरी रेघ बहुधा समदूर धरतात. म्हणजे रेघेवरचा प्रत्येक बिंदू दोन्हीकडच्या जवळच्या किनाऱ्यापासून सारख्याच अंतरावर. मुखाजवळ ही अंतरं मोजायची ती मुखाच्या दोन ओठांपासून. मग ओठ कुणाचे? सीमा मध्यात असेल तर पूर्वेचा ओठ आपला, पश्चिमेचा त्यांचा. सीमा पूर्व काठावर असेल तर मुखातलं सगळं पाणी त्यांचं, आणि शिवाय ओहोटीला उघडे पडणारे चिखलाचे पट्टे आहेतच. सागरी कायद्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत ओहोटीला उघडा पडणारा उंचवटासुद्धा मोजणीचा आधार धरता येतो. भरतीला जो दिसतही नाही असा चिखल २०० मैलांवरच्या रेघेला धक्का देऊ शकतो.

किती धक्का? नुसता हिशेब करून बघा, हा कुणाच्या दाव्याचा आकडा नाही. सुरुवातीच्या बिंदूमुळे रेघेची दिशा एका अंशाने जरी कलली, तरी २०० सागरी मैलांवर ती साडेतीन सागरी मैल सरकते. मधला त्रिकोण होतो सुमारे ३५० चौरस सागरी मैलांचा, म्हणजे १,२०० चौरस किलोमीटर. एका अंशात! कोनमापकातली सगळ्यात बारीक रेघ.

१९९६ मध्ये पाकिस्तानने आपल्या किनाऱ्याच्या सरळ आधाररेषा (म्हणजे सागरी हद्द जिथून मोजतात त्या रेघा) जाहीर केल्या तेव्हा शेवटचा बिंदू सर क्रीकच्या मुखाशी टाकला, त्याला भारताने हरकत घेतली. २००९ मध्ये भारताने आपल्या जाहीर केल्या, त्याला पाकिस्तानने हरकत घेतली. फिट्टमफाट.

बोरूबहाद्दर

थालवेग काढणं म्हणजे होडीतून दोरी सोडून खोली बघणं, असं समजू नका. एवढीच भर घालतो, कारण तांत्रिक बाजू कुणी मांडत नाही.

आधी भरतीमापक बसवायचा आणि निदान एक चांद्रमास, २९ दिवस, पाण्याची पातळी नोंदवायची. उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (छोटी) दोन्ही मिळायला हवेत. त्यावरून मूळ पातळी ठरते, सगळ्या खोल्या तिच्यावर आणायच्या. मग पात्राला आडव्या रेघांनी होडी फिरवायची, ध्वनीने खोली मोजायची, प्रत्येक रेघेवरचा सगळ्यात खोल बिंदू घ्यायचा आणि ते बिंदू जोडायचे. कागदावर सोपं आहे.

घोळ होतो तो तळाशी. या खाड्यांचा तळ टणक नाही, खिरीसारखा आहे. २०० किलोहर्ट्झचा ध्वनी मऊ गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो, तीस-पस्तीसचा आत शिरून खालचा घट्ट थर दाखवतो. एकाच जागी दोन खोल्या मिळतात. कुठली खरी? होडीला तर वरचा गाळ अडवत नाही, ती त्यातून जाते. म्हणजे "नौकानयनाला योग्य" या शब्दांचा अर्थसुद्धा यंत्र कुठल्या कंपनसंख्येवर लावलंय त्यावर ठरतो. त्यात पात्र मध्येच दुभंगलं आणि दोन्ही फाटे सारखेच खोल निघाले, तर जोडणाऱ्याने कुठल्या बाजूने जोडायचं? पावसाळ्यानंतर पुन्हा मोजलं तर बिंदू हललेले असतात.

यापेक्षा मोठा प्रश्न कोणत्या सालचं पात्र, हा. जुना नियम असा आहे: पात्र हळूहळू सरकलं तर सीमा त्याच्याबरोबर सरकते, एकदम उडी मारून दुसरीकडे गेलं तर सीमा जुन्या जागीच राहते. खाडीच्या गेल्या शंभर वर्षांच्या सरकण्याला हळूहळू म्हणायचं की उडी? आणि जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर बसवताना दोन्हींची मोजणीची पद्धत वेगळी आहे हे विसरलात की रेघ तिथेच घसरते. समजा एका इंचाला चार मैल असा नकाशा आहे. त्यावर कुंचल्याची एक मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर अडीचशे मीटर. हिरवी रेघ "काठावर" आहे की "काठालगत पाण्यात", हे भिंगाने सुटणारं कोडं नाही.

तरी काम झालंय हे सांगायला हवं. २००५ च्या सुरुवातीला खाडीच्या शेंड्यापासून पूर्वेकडच्या आडव्या रेघेवरचे जुने खांब दोन्ही देशांच्या सर्वेक्षकांनी मिळून तपासले. मग जानेवारी-फेब्रुवारी २००७ मध्ये खाडीचं आणि बाहेरच्या समुद्राचं संयुक्त सर्वेक्षण झालं आणि मे महिन्यात दोन्ही बाजूंनी नकाशे एकमेकांना दिले. म्हणजे पाणी कुठे, काठ कुठे, खोल कुठे, यावर आता वाद नाही. वाद त्या नकाशावर रेघ कुठे ओढायची याचाच. सर्वेक्षकांनी आपली बाजू केली, पेन्सिल पुढाऱ्यांच्या हातात आहे.

तांबडी_फाइल

बोरूबहाद्दर, गाळाचा मुद्दा नवीन होता, धन्यवाद.

पेन्सिलीवरून आठवलं. ४ ऑगस्ट २०२० ला, कलम ३७० रद्द झाल्याच्या वर्षपूर्तीच्या आदल्या दिवशी, इम्रान खान यांनी पाकिस्तानचा नवा राजकीय नकाशा जाहीर केला. काश्मीर आणि जुनागढ यांचीच चर्चा झाली, पण त्यात सर क्रीकची सीमाही पूर्व काठावर ओढलेली होती. पुढच्या महिन्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या सुरक्षा सल्लागारांच्या ऑनलाइन बैठकीत पाकिस्तानच्या प्रतिनिधीच्या मागे तोच नकाशा लावलेला दिसला आणि अजित डोवल बैठकीतून उठून गेले.

असा नकाशा काढून जमिनीवर इंचभरही फरक पडत नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयात एकतर्फी आणि वाद सुरू झाल्यावर काढलेल्या नकाशाला किंमत जवळपास नसते. पण पुढच्या सरकारला माघार घेता येत नाही. शाळेच्या पुस्तकात गेलेली रेघ पुसणार कोण? १९८९ पासून २०१२ पर्यंतच्या बारा फेऱ्यांत ज्या कल्पना टेबलावर तरी येत होत्या, त्या आता बोलायचीही सोय नाही. त्यातली भारताची एक कल्पना साधी होती: खाडीचं राहू द्या, समुद्रातली सीमा बाहेरून आत आखत या, किनाऱ्याजवळ एका ठिकाणी थांबा. पाकिस्तानचा आग्रह: आधी जमिनीचा बिंदू, मग समुद्र. आणि तिसऱ्या पक्षाला बोलवा, ही त्यांची जुनी मागणी. आपण सिमला करार दाखवतो, जे काही ते दोघांतच.

उधाण

कराचीचा रस्ता खाडीतून जातो की नाही माहीत नाही, पण खाडीतून रस्ताच जात नाही, हे नक्की 😀

भरतीला जिथे होडी जाते तिथे ओहोटीला मांडीभर चिखल. चाकाची गाडी रुतते, पंख्याची होडी गाळात बसते. म्हणून दोन्हीकडे हॉवरक्राफ्ट आणि चिखलात चालणारी वाहनं. सीमा सुरक्षा दलाची जलशाखा, तरंगत्या चौक्या आणि 'क्रीक क्रोकोडाइल' कमांडो याच कामाला. पलीकडून रिकाम्या होड्या सापडल्याच्या बातम्या येतात त्या बहुतेक याच भागातल्या हरामी नाला या खाडीतल्या. मोदी २०२४ च्या दिवाळीला जवानांना भेटायला गेले होते ते लक्की नाला, तेही याच भागात.

गोळीबाराचा मोठा प्रसंग हवेतला. कारगिलची लढाई संपल्यावर काही दिवसांतच, १० ऑगस्ट १९९९ ला, आपल्या मिग-२१ ने पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक टेहळणी विमान पाडलं. १६ जण गेले. अवशेष दोन्ही बाजूंना पडल्याचे दावे झाले. जिथे सीमाच ठरलेली नाही तिथे विमान कुणाच्या हद्दीत होतं, हे ठरवणार कसं? पाकिस्तान हेगच्या न्यायालयात गेला. २१ जून २००० ला १४ विरुद्ध २ मतांनी न्यायालयाने सांगितलं की आम्हाला अधिकारच नाही. कारण भारताने राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद त्या न्यायालयाच्या कक्षेतून आधीच वगळून ठेवले होते.

खाजणवासी

मच्छीमारांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. महाराष्ट्राचा संबंध खरा आहे तो इथे.

ओखा, पोरबंदर, वेरावळ, जखाऊ इथल्या बोटींवर खलाशी म्हणून पालघर, डहाणू, तलासरी भागातली पुष्कळ माणसं असतात. बोट गुजरातची, मालक तिकडचा, जाळं ओढणारे इकडचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओख्याकडच्या समुद्रात पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा संस्थेच्या गोळीबारात जो खलाशी मेला, तो पालघर जिल्ह्यातला होता.

जीपीएसच्या पडद्यावर जी सागरी सीमा दिसते ती कुठल्या करारातली रेघ नाही. करारच नाही. ती आपल्याकडून मानलेली रेघ आहे, आणि पलीकडच्या गस्तीनौकेच्या पडद्यावर दुसरी असू शकते. म्हणून तटरक्षक दल रेघेच्या अलीकडे पाच सागरी मैल मासेमारी करू नका म्हणतं. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, तरी का जातो? सिंधूच्या मुखाकडे गाळ, गाळामागे कोळंबी, कोळंबीमागे पापलेट आणि घोळ. आपल्या बाजूला बोटींची दाटी, पलीकडे कमी. एक चांगली घोळ सापडली तर फेरीचं डिझेल निघतं. आणि नेहमी हावच असते असंही नाही. ट्रॉलर जाळं ओढत असताना तासाला दोन-तीन सागरी मैलांनी चालतो, रात्री ओहोटीचा ओढ मिळाला किंवा इंजिन बंद पडलं तर पाच मैलांची फट दोन-तीन तासांत संपते.

पकडल्यावर बोट कराचीला, माणसं लांढीच्या मलीर तुरुंगात. २००८ च्या करारानुसार अटकेनंतर तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्याला भेटू द्यायचं, आणि राष्ट्रीयत्व सिद्ध होऊन शिक्षा संपल्यावर महिन्याभरात सोडायचं. दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश याद्या देतात. १ जानेवारी २०२५ च्या याद्यांत पाकिस्तानकडे आपले २१७ मच्छीमार होते आणि आपल्याकडे त्यांचे ८१. शिक्षा असते काही महिन्यांची, माणूस बसतो वर्षानुवर्षं. अडतं ते "राष्ट्रीयत्व सिद्ध होऊन" या तीन शब्दांत.

अरबट_चरबट

हे इतके दिवस का लागतात? नाव-गाव सांगितलं की झालं ना?

खाजणवासी

नाव उर्दूत लिहिलं जातं, ते परत इंग्रजीत येतं, तिथून गुजराती किंवा मराठी पत्त्यावर पोचतं. तोवर आडनावाचं काय झालंय ते घरच्यांनाही ओळखू येत नाही. बापाचं नाव आणि गाव जुळलं तर ठीक. बोट गुजरातची म्हणून चौकशी आधी गुजरातच्या पोलिसांकडे जाते, तिथे त्या नावाचा माणूस नसतो, मग कागद महाराष्ट्रात येतो. मेहनत वाचते ती बंदर सोडताना. मत्स्यखात्याच्या टोकनवर खलाशांची यादी असते. तीत नाव, वडिलांचं नाव, पाडा आणि तालुका नीट लिहिलेला असेल तर पुढचं काम सोपं. आयत्या वेळी बदली खलाशी चढला आणि यादीत जुनंच नाव राहिलं, की तो माणूस सरकारी कागदावर समुद्रात गेलेलाच नसतो.

कायदेकानू

तांबडी_फाइल, तिसऱ्या पक्षाबद्दल थोडं. आपण नेहमी नाही म्हणतो, पण बांगलादेशशी असाच वाद लवादाने सोडवला, हे विसरायला नको. ७ जुलै २०१४ चा निकाल. वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला. आपण निमूटपणे मानला. तिथेही पहिला प्रश्न जमिनीच्या शेवटच्या बिंदूचाच होता, हरियाभंगा नदीच्या मुखाशी. फाळणीची सीमा ठरवणाऱ्या रॅडक्लिफच्या निवाड्यात मुख्य प्रवाहाचा मध्य असं लिहिलेलं. लवादाने प्रवाह १९४७ चा धरला, आजचा नाही. ज्या न्यू मूर बेटावरून दोन्ही देश सत्तरच्या दशकापासून भांडले ते तोवर पाण्याखाली गेलेलं होतं. ती जागा आपल्या बाजूला आली, बेट नसलेली.

इथे हा कित्ता गिरवता येईल का? पूर्ण नाही. तिथे मध्य धरायचा यावर वाद नव्हता, कुठला मध्य एवढंच ठरवायचं होतं. इथे मध्य की काठ हाच वाद, आणि तो जमिनीच्या हद्दीचा आहे. सागरी कायद्याखालचा लवाद समुद्राची वाटणी करतो, जमीन कुणाची ते ठरवणं त्याच्या कामात बसत नाही.

तांबडी_फाइल

बरोबर. अजून एक. २०० मैलांच्या पलीकडच्या भूखंडमंचासाठी, म्हणजे जमिनीला जोडून असलेल्या समुद्रतळासाठी, संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडे अर्ज करायची मुदत मे २००९ होती, तेव्हा दोन्ही देश करार करून मोकळे होतील असं पुष्कळांना वाटलं होतं. पाकिस्तानने ३० एप्रिलला, आपण ११ मेला, आपापले अर्ज टाकले. २०१५ मध्ये पाकिस्तानचा मान्यही झाला, समुद्रतळ ५०,००० चौरस किलोमीटरने वाढला. आयोग वादातल्या भागाला हात लावत नाही, त्यामुळे सर क्रीकवाचून कुणाचं अडलं नाही. घाईचं एकमेव कारण होतं, तेही गेलं.

उधाण

अवांतर : १६ जून १८१९ च्या भूकंपात रणाच्या उत्तरेला जमिनीचा लांबलचक बांध वर आला, अल्लाबंद. सिंधूच्या पूर्वेकडच्या फाट्याचं गोडं पाणी अडलं, सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला आणि भाताचा व्यापार करणारं लखपत ओस पडलं. त्यापूर्वी या बाजूला नदी होती, नंतर खारं पाणी. मग ठरावातली "खाडी" मुळात नदीचं मुख धरायची का?

बोरूबहाद्दर

ती कोरीची गोष्ट, सर क्रीकची नाही. लखपत कोरीच्या शेंड्याला आहे, सर तिच्या पश्चिमेला. ठरावातली खाडी १८१९ नंतर ९५ वर्षांनी पाहिलेली आहे, तेव्हा ती खारीच होती.

नकाशेबाज

एक दुरुस्ती मलाही करायची आहे. वर "एका काठाला कच्छ" लिहिलं. मुखाकडचा काठ म्हणायला काठ आहे, भरतीला तिवरांचे शेंडे तेवढे वर राहतात. आणि हे कच्छ १ नोव्हेंबर १९५६ पासून १ मे १९६० पर्यंत द्वैभाषिक मुंबई राज्यात होतं. तेव्हा ठरावही मुंबईचा आणि त्याची एक बाजूही साडेतीन वर्षं मुंबईचीच. त्या काळात सचिवालयात कुणी तो नववा-दहावा परिच्छेद काढून पाहिला असेल का, हे कुणाला ठाऊक असेल तर लिहा.